जर्मनीत शिकताना बालगृहात स्वयंसेवक: कागद, भाषा, वेळ आणि बाकीचं सगळं

वेदिका_प
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरपासून जर्मनीत हाले इथे मास्टर्स सुरू होतंय. अभ्यास सांभाळून आठवड्यातली एक दुपार एखाद्या अनाथाश्रमात मुलांसोबत घालवायचा विचार आहे. विद्यार्थी व्हिसावर हे चालतं का? कागद कोणते लागतात, आणि त्यातले भारतातून कोणते नेलेले बरे? जर्मन बी१ पातळीचं (म्हणजे मधलं, रोजच्या बोलण्यापुरतं) आहे, तेवढं पुरेल का? आणि मुळात मुलांना याचा काही उपयोग होतो, की आपलीच हौस भागते? जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'छान विचार, शुभेच्छा' आधीच पोचल्या असं समजते.

चिंतोपंत
हाले झाले, आता पुढचे बोला.
(ह. घ्या. झाले नदीवरून गावाचं नाव 'हाले (झाले)' असंच लिहितात. रेल्वेचं तिकीट काढताना मात्र नीट बघा, वेस्टफालियात दुसरं हाले आहे. भलतीकडेच उतराल.)

राइनकाठ
वेदिका, आपल्या डोळ्यांसमोर असतो तसा, एका मोठ्या इमारतीत शंभर मुलांचा अनाथाश्रम शोधायला निघालात तर तिथे मिळणार नाही. मुलं 'वोनग्रुपे'त राहतात: एक मोठं घर किंवा फ्लॅट, साधारण आठ-दहा मुलं, आणि पाळीपाळीने येणारे प्रशिक्षित शिक्षक-पालक, ज्यांना 'एर्त्सियर' म्हणतात. मूल तिथे येतं ते युगेंडआम्टमार्फत, म्हणजे युवक कल्याण कार्यालयामार्फत. दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी सामाजिक कायद्याच्या आठव्या भागातलं कलम ३४, तातडीने ताब्यात घेतलेल्यांसाठी कलम ४२.

आई-वडील दोघंही नसलेली मुलं यात फार थोडी. बहुतेकांच्या घरी आजारपण, व्यसन, मारहाण किंवा दुर्लक्ष यांपैकी काहीतरी असतं, आणि मूल परत घरी जाईल का यावर ठरावीक काळाने बैठक होते. पुष्कळ मुलं शनिवार-रविवार घरी जातात. म्हणून शनिवारी सवड असणारा स्वयंसेवक त्यांच्या फारसा कामाचा नसतो. मंगळवार ते गुरुवारची दुपार धरा, साडेतीन ते साडेपाच.

आणि 'तू इथे का आलास?' हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, खोदायचं नाही.

संस्था शोधायला कारितास, डायाकोनी, आवो, जर्मन रेड क्रॉस या समाजसेवी संघटनांची स्थानिक कार्यालयं आहेत. त्याहून सोपं म्हणजे गावाची फ्रायविलिगन-आगेंटुर, म्हणजे स्वयंसेवक केंद्र. हालेत ते आहे. तिथे आधी एक मुलाखत होते, मग ते योग्य संस्थेशी गाठ घालून देतात. थेट बालगृहाला मेल टाकलात तर उत्तर यायला महिना लागू शकतो, कारण पाळीवरच्या माणसाला मेल बघायला उसंत नसते.

फॉर्म_नं_१६
कागदांचं मी लिहितो.

मुख्य कागद म्हणजे 'एरवायटर्टेस फ्युरुंग्सत्सॉयग्निस', विस्तारित चारित्र्य दाखला. मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी हाच लागतो, साधा चालत नाही. क्रम असा: संस्था आधी पत्र देते की ही व्यक्ती आमच्याकडे विनामोबदला काम करणार आहे आणि तिला हा दाखला लागेल. ते पत्र, पासपोर्ट आणि पत्ता नोंदणीचा कागद घेऊन ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, अर्ज करायचा. एरवी फी १३ युरो, पण पत्रात स्वयंसेवेचा उल्लेख असेल तर माफ. पत्र न नेता गेलात तर पैसे भरूनही विस्तारित दाखला मिळणार नाही. दाखला बॉनहून पोस्टाने घरी येतो, साधारण दोन आठवड्यांत.

घोळ होतो तो दोन ठिकाणी. पहिला नावाचा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात एकत्र असतं. पत्ता नोंदवताना हे सगळं एका ओळीत चढतं. अर्जात मात्र आपण सवयीने वडिलांचं नाव गाळतो, आणि नोंद जुळत नाही. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. दुसरा घोळ पत्रपेटीचा. जर्मनीत दारावरच्या पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर पहिल्याच दिवशी पेटीवर नाव चिकटवा.

दाखला संस्थेला दाखवायचा असतो, द्यायचा नसतो. त्यांनी बघितल्याची तारीख आणि बंदी नसल्याची नोंद करायची, प्रत ठेवायची नाही. दाखवताना तो तीन महिन्यांपेक्षा जुना नको, असं बहुतेक संस्था म्हणतात.

भारतातून काय न्यावं: जर्मन दाखल्यात तुमचं भारतातलं काही दिसत नाही, त्यामुळे नव्याने आलेल्याकडे काही संस्था भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागतात. ते पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतं, फी ५०० रुपये. निघण्याआधी काढून ठेवलेलं बरं, तिथून वकिलातीमार्फत काढणं वेळखाऊ आहे.

डॉ_अनुस्वार
वरच्या यादीत लसीकरण राहिलं, आणि उशीर बहुतेक वेळा तिथेच होतो.

१ मार्च २०२० पासून जर्मनीत गोवर संरक्षण कायदा आहे. १९७० नंतर जन्मलेल्या आणि शाळा, पाळणाघर, बालगृह अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला गोवराच्या दोन मात्रांचा किंवा रक्तातल्या प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावा लागतो. स्वयंसेवकही यात येतात. एक दिवस येऊन केक कापून जाणारा पाहुणा वेगळा, दर आठवड्याला येणारा वेगळा.

आपल्याकडे आत्ता पंचविशीत असलेल्यांना सरकारी वेळापत्रकात नवव्या महिन्यात गोवराची एकच मात्रा मिळत असे. दुसरी मात्रा २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. खाजगी डॉक्टरकडे पंधराव्या महिन्यात एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस) घेतली असेल तर ती दुसरी मात्रा धरतात. घरातलं लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड शोधा आणि निघण्याआधी आपल्या डॉक्टरकडून तारखांसह इंग्रजीत दाखला लिहून घ्या. 'लसीकरण पूर्ण' एवढंच वाक्य चालत नाही, प्रत्येक मात्रेची तारीख हवी.

कार्ड हरवलं असेल तर दोन मार्ग. रक्ताची अँटीबॉडी तपासणी, किंवा सरळ एमएमआर पुन्हा घेणं. दोन मात्रांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. पूर्वी घेतलेली असली तरी पुन्हा घेतल्याने अपाय नाही. मात्र ही जिवंत लस आहे, गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असताना देत नाहीत.

नाटकवेडी
म्हणजे मुलांना भेटायच्या आधी बॉन, पोलीस आणि सुई. आपल्याकडे लग्नालाही इतकं बघत नाहीत.

फॉर्म_नं_१६
बघायला हवं खरं तर.

व्हिसाचा प्रश्न राहिला. विद्यार्थ्याला १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. विनामोबदला स्वयंसेवा ही नोकरी नाही, त्यामुळे ती या दिवसांत मोजत नाहीत. बसचं तिकीट परत मिळालं तर काही बिघडत नाही. पण संस्थेने 'मानधन' म्हणून दर महिन्याला ठरावीक रक्कम देऊ केली, तर घेण्याआधी आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयाला, लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पूर्णवेळ वर्षभराची सरकारी स्वयंसेवा योजनाही असते, ती विद्यार्थी परवान्यावर करायची गोष्ट नाही.

सह्याद्री_एक्सप्रेस
एवढा खटाटोप कशाला? सेमिस्टरच्या सुट्टीत नेपाळला किंवा केनियाला तीन आठवडे जा. एजन्सी सगळं करून देते, राहणं-जेवण त्यातच, कागद काही लागत नाहीत. मुलं पहिल्या दिवशी येऊन बिलगतात. समाधान मिळतं ते वेगळंच.

राइनकाठ
सह्याद्री, कागद लागत नाहीत हीच तर गोची आहे. तुम्हाला कुणी तपासत नाही, म्हणजे तुमच्या आधी आलेल्यालाही कुणी तपासलेलं नाही.

नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या जिल्ह्यांत आहेत, म्हणजे पर्यटक जातात तिथेच. मुलं मात्र हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतली. दलाल आई-बापांना चांगल्या शाळेचं आमिष दाखवतात, पैसेही घेतात, आणि मूल शहरात 'अनाथ' म्हणून उभं राहतं. २०१५ च्या भूकंपानंतर हे वाढू नये म्हणून युनिसेफला जाहीर इशारा द्यावा लागला होता. पाहुण्यांचे पैसे मुलांच्या संख्येवर येतात, त्यामुळे मूल घरी पाठवण्यात चालकाचं नुकसान असतं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अशा अनाथाश्रम-पर्यटनाबद्दल स्पष्ट लिहिलं आहे.

आणि पहिल्याच दिवशी अनोळखी माणसाला येऊन बिलगणारं मूल हे आनंदाचं लक्षण मानू नका.

डॉ_अनुस्वार
शेवटच्या वाक्याला +१. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ ला कोसळल्यावर तिथली संस्थांमधली मुलं जगाने पाहिली. पुढे २००० साली बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू झाला. संस्थेतली १३६ तान्ही आणि रांगती मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं त्यातल्या निम्म्यांना प्रशिक्षित पालक-कुटुंबात ठेवलं. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाशी जुळणारं नातं, सगळं सरस निघालं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं तर बरंच जास्त. कुणाशीही लगेच लगट करणं हे तिथे वारंवार दिसलेलं लक्षण. सांभाळणारा माणूस सतत बदलत राहिला की मूल निवड करायचं सोडून देतं. तीन आठवड्यांचा स्वयंसेवक त्या बदलणाऱ्या रांगेत आणखी एकाची भर घालतो.

सह्याद्री_एक्सप्रेस
मुद्दा पटला. पण मग आपल्याकडे वाढदिवसाला बालगृहात जेवण देतात, तेही बंद करायचं का? त्यात कुणाचं वाईट होतं?

माळावरची_मावशी
जेवण द्या की, पण शिधा द्या नाहीतर पैसे द्या, आणि रांगेत मुलं उभी करून फोटो काढू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. केक भरवतानाचा फोटो स्टेटसला ठेवणारे अर्धे लोक हा गुन्हा करून बसतात. श्रावणात आणि पितृपक्षात एकेका दिवशी तीन-तीन पंगती, आणि जूनमध्ये वह्या-दप्तरांच्या वेळी कुणी फिरकत नाही, हाही प्रकार बघा.

मूल घरातच राहावं म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, त्यात एकल पालकाला किंवा नातेवाइकाला दरमहा पैसे मिळतात. ओळखीत असं कुटुंब असेल तर त्यांचा फॉर्म भरून द्या. पंगतीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

वेदिका_प
सगळ्यांचे आभार, एवढं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं. आता प्रत्यक्ष दोन तासांत करायचं काय? स्वयंपाकाचा एखादा कार्यक्रम सुचतोय. पोहे कसे?

खमंग_फोडणी
पोह्यांनाच हात घातलात!

आठ मुलं आणि दोन मोठ्यांना पाऊण किलो जाड पोहे पुरतात. पण युरोपीय संघाच्या ज्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद ठेवावी लागते, त्यात शेंगदाणे आहेत आणि मोहरीसुद्धा आहे. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ग्लुटेन चालत नसलेल्या मुलाला तेही बंद. आदल्या आठवड्यात पाळीवरच्या माणसाकडून ॲलर्जीची यादी घ्या, आणि जिन्नसांची पाकिटं जशीच्या तशी घेऊन जा. बरणीत काढून नेलेला मसाला ते वापरू देणार नाहीत.

दुसरं म्हणजे फोडणी. घरातल्यासारखी तडतडीत, धूर येईस्तोवर केलीत तर छतावरचा धूर-इशारा वाजतो. काही संस्थांमध्ये तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. गाडी आली तर मुलांची मजा होईल, तुमची नाही. जिरं घाला, आच मध्यम, खिडकी आधीच उघडी. मिरची वेगळ्या वाटीत.

चिंतोपंत
दाणे नाहीत, मोहरी नाही, हिंग नाही. मग राहिले काय, पोहे आणि पश्चात्ताप?

खमंग_फोडणी
कांदा-बटाटा, लिंबू, कोथिंबीर, साखर. अजून काय हवं! आणि कांदा चिरायचं काम मुलांनाच द्या, पोहे खाल्ले नाहीत तरी ते आवडतं. संक्रांतीला तिळगूळ वाटायचा विचार असेल तर तीळही त्याच यादीत आहेत. गोळ्या नेत असाल तर जिलेटिन बघा, मुसलमान मुलं असतात आणि तिथल्या रबरी अस्वलांत बहुतेक डुकराचं जिलेटिन असतं.

पाढेपाठ
स्वयंपाक महिन्यातून एकदा ठीक. खरी गरज असते ती गृहपाठाची, आणि गणितात मदत करायला बी१ चालतं. फक्त पद्धत तिथली वापरा. आपला भागाकार खाली उतरत जातो, त्यांचा एका ओळीत सुरू होतो: ८४ : ४ = २१. भागाकाराला दोन टिंबं, गुणाकाराला मधोमध एक टिंब. दशांशाला स्वल्पविराम, हजाराला टिंब, म्हणजे १.५०० हे दीड हजार. १ ला लांब शेंडी आणि ७ ला आडवी रेघ, नाहीतर मूल तुमचा १ हा ७ वाचतं. वजाबाकीच्याही दोन पद्धती आहेत: एकीत काढून घेतात, दुसरीत खालच्या अंकापासून वरपर्यंत मोजत जातात. शाळेत कोणती शिकवली ते वहीत बघून घ्या. आपली सोपी पद्धत दाखवायला गेलात तर पोराच्या डोक्यात दोन्हींचा काला होतो, आणि चूक धरणारी बाई उद्या वर्गात असते, तुम्ही नसता.

तुर्की घरांतून आलेली मुलं ४७ ऐकून ७४ लिहितात, कारण जर्मनमध्ये सात आधी, चाळीस नंतर. आपलं सत्तेचाळीसही तसंच, त्यामुळे मराठी माणसाला ही चूक पटकन दिसते.

टेपबॉल
गृहपाठानंतर क्रिकेट. थट्टा नाही. एकट्याने आलेल्या अल्पवयीन निर्वासितांच्या गटांत अफगाण मुलं बरीच असतात, त्यांच्यामुळे २०१५ नंतर जर्मनीत क्रिकेट वाढलं. सीझन बॉल नको. टेनिस बॉलवर इलेक्ट्रिकची टेप ताणून दोन थर, कडा एकमेकींवर जराशा चढलेल्या. सैल गुंडाळली तर तिसऱ्या षटकात सुटते. दुपारी एक ते तीन पुष्कळ घरांत शांततेची वेळ असते, तेव्हा अंगणात खेळ नाही.

यातल्या पुष्कळांना सिनेमांमुळे हिंदी-उर्दू कळते, तिथे बी१ ची उणीव भरून निघते. मात्र वकील किंवा सरकारी कार्यालयासमोर दुभाषा व्हायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर त्या मुलाचा अर्ज अडकतो.

अत्तरदाणी
अवांतर: हालेला जाताच आहात तर फ्रांकेंच्या संस्था बघाच. आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी १६९८ मध्ये तिथल्या अनाथालयाच्या इमारतीचा पाया घातला. ते अनाथालय आता संग्रहालय आहे, आवारात शाळा आहेत. आपल्याशी धागा असा की इथेच शिकलेला क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५० मध्ये मिशनरी म्हणून तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरला आणि पुढे तंजावरच्या सरफोजीराजांचा बालपणीचा पालक झाला. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे ते हेच सरफोजी. तंजावरच्या चर्चमध्ये राजांनी त्याचं संगमरवरी स्मारक उभारलं आहे.

चिंतोपंत
घ्या. आपला राजा त्यांच्या हाताखाली वाढला, आता वेदिकाताई परतफेडीला निघाल्यात.

राइनकाठ
अत्तरदाणी, मस्त माहिती. परत मूळ प्रश्नाकडे येतो, कारण नियमांचं अजून कुणी लिहिलं नाही.

मुलासोबत खोलीत असाल तर दार उघडं. झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघरात स्वयंसेवकाने जायचं नाही. पोहायला एकट्याने घेऊन जायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. जवळ घेणं मुलाने मागितलं तर आणि सगळ्यांसमोर. स्वतःचा फोन नंबर, इन्स्टाग्राम द्यायचं नाही. बारा-तेराची मुलं पहिल्या तासात मागतात, तेव्हा 'इथला नियम आहे' एवढं उत्तर पुरतं. फोटो नाहीत. एकाला वेगळी भेट नाही, द्यायचंच असेल तर गटाला एखादा बैठा खेळ.

सगळ्यात महत्त्वाचं: मूल कधी अचानक काही सांगतं, घरी कुणी मारतं, कुणी हात लावतं. 'कुणाला सांगणार नाही ना?' असं आधी विचारतं. तिथे 'नाही सांगणार' म्हणायचं नाही. 'तू सांगितलंस ते बरं झालं, पण मदतीसाठी मला अमुकला सांगावं लागेल' असं म्हणायचं. उलटतपासणी करायची नाही. कधी, कुठे, किती वेळा, हे प्रश्न प्रशिक्षित माणसाने विचारायचे असतात. आपल्या प्रश्नांनी मुलाच्या आठवणीत आपले शब्द शिरतात, आणि पुढे न्यायालयात तेच आडवे येतात. मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह, त्याच संध्याकाळी पाळीवरच्या एर्त्सियरला. घरी जाऊन मैत्रिणीला नाही.

माळावरची_मावशी
आणि निघताना काय करायचं तेही सांगा. पोरं शिकायला जातात, डिग्री झाली की बर्लिन नाहीतर म्युनिक. मुलांना काय वाटत असेल?

राइनकाठ
बरोबर मावशी. पहिल्या दिवशीच सांगायचं की मी जुलैपर्यंत आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या दिवसांवर खूण करायची, परीक्षेचे आठवडे आधीच कोरे सोडायचे. न येण्यापेक्षा न सांगता न येणं जास्त लागतं. शेवटचा दिवस सहा आठवडे आधी कळवायचा, त्या दिवशी केक करायचा, आणि 'पुन्हा भेटायला येईन' हे वाक्य खरोखर तिकीट काढलं असेल तरच. नंतर पोस्टकार्ड पाठवायचं ते सगळ्या गटाच्या नावाने.

वेदिका_प
समजलं. म्हणजे १० ऑक्टोबरला पोचले तर साधारण सुरुवात कधी होईल?

फॉर्म_नं_१६
पत्ता नोंदणीला एक-दोन आठवडे, स्वयंसेवक केंद्राची मुलाखत आणि संस्थेची भेट यांत नोव्हेंबर उजाडेल, त्यानंतर पत्र, अर्ज आणि दाखल्याला तीन आठवडे. लसीचे कागद भारतातून नेले तर डिसेंबरचा पहिला आठवडा, नाहीतर जानेवारी.

राइनकाठ
तुम्हीच जानेवारी सांगा. नाताळच्या आधी सगळं गाव बालगृहात यायला बघतं, जानेवारी-फेब्रुवारीत लवकर अंधारून आलं की कुणी नसतं. फेब्रुवारीत तुमच्या परीक्षा असतील ते आठवडे वगळून तारखा द्या. आणि घरात घालायच्या सपाता घेऊन जा, बुटांनी आत घेत नाहीत.